मधल्याचा वाटा

अमेरिकेत बहुतेक राज्यांत नोटरीला वकील असावे लागत नाही. फिरत्या नोटरीने गाडीत प्रिंटर टाकायचा आणि घरकर्जाचे शे-दीडशे पानी दस्त कर्जदाराच्या जेवणाच्या टेबलावर मांडून सह्या घ्यायच्या. घराची मालकी तपासून व्यवहार पुरा करणाऱ्या टायटल कंपनीने थेट बोलावले तर ठरलेली रक्कम पूर्ण हाती पडते. मध्ये नोटरी पुरवणारी साइनिंग सर्व्हिस आली की ती आधी आपला वाटा काढून घेते. उरलेल्यासाठी अनेकदा महिनाभर वाट पाहायची. कागद, शाई, पेट्रोल मात्र नोटरीचेच! अर्थात, नवख्याला पहिली कामे बहुधा ही सर्व्हिसच देते. थेट गिऱ्हाईक स्वतः हुडकावे लागते, पण रुग्णालयात खाटेशेजारी केलेल्या मुखत्यारपत्राचे पैसे तिथल्या तिथे मिळतात. मध्यस्थाचे काम जरूर घ्या. पैसे कधी देणार, ते आधी लेखी घ्या.