दहाव्या क्रमांकाचे मोल

काही वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातील माणगावच्या तहसील कार्यालयात दाखल्यासाठी ताटकळणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल, की तेथील तहसीलदार बाई ऑलिम्पिकची अंतिम शर्यत धावून आल्या आहेत? ललिता बाबर हे त्यांचे नाव.

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही हे त्यांचे गाव. सुरुवात खो-खोपासून झाली. २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये त्या भारतीय महिलांत अव्वल ठरल्या. तेवढ्यावर समाधान मानता आले असते. परंतु पंचविशीच्या उंबरठ्यावर त्यांनी स्टीपलचेस हा नवाच प्रकार पत्करला. तीन हजार मीटर अंतर, अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून झेप! हे अडथळे पाय लागला तरी पडत नाहीत. पडतो तो धावपटू. त्याच वर्षी इंचिऑनच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांना कांस्य मिळाले, २०१५ मध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, आणि त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवे स्थान.

२०१६ मध्ये रिओच्या पात्रता फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदविला. पी. टी. उषा यांच्या १९८४ च्या शर्यतीनंतर वैयक्तिक धावण्याच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या त्या पहिल्याच भारतीय महिला. अंतिम शर्यत १५ ऑगस्टला झाली. त्या दहाव्या आल्या. सिंधू आणि साक्षी यांच्या पदकांचा देशाने जल्लोष केला, तो योग्यच होता. मात्र दहावा क्रमांक आपण सोयीस्करपणे विसरलो. तो विक्रम पुढे सात वर्षे टिकला. २०२३ मध्ये पारुल चौधरीने तो मोडला.

शासनाने त्यांना अधिकारपद दिले, हे उचितच. ‘खेळून पोट भरते का?’ असे मुलीला विचारणाऱ्या पालकांना ते उत्तर आहे. पण हा सन्मान शर्यत संपल्यावरचा. शर्यतीच्या आरंभी काय असते? श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या शाळकरी मुलींना धावायला मैलोगणती वाळू निसर्गाने दिली आहे. त्यांचा वेग ओळखणारा क्रीडाशिक्षक मात्र आपणच द्यायचा आहे. दहावीचे वर्ष लागले की घरातून पहिला निरोप मैदानाला दिला जातो, आणि मुलगी असेल तर तो आणखी लवकर. यंदाच्या पालकसभेत गुणांची चौकशी झाल्यावर खेळाच्या तासाला नेमके काय शिकविले जाते, हेही एकदा विचारून पाहावे.