रॅक की देव्हारा?

गेल्या महिन्यात पुण्याहून भाचा आला होता. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या (म्हणजे माझ्या वडिलांच्या) रेकॉर्ड्स मी त्याच्याकडे सोपवल्या. दोनशेच्या आसपास एलपी. हौसेने घेऊन गेला होता. सहज विचारलं, "काय रे, ऐकतोस की नाही आजोबांच्या रेकॉर्ड्स?"

"नाही मामा, अजून माळ्यावरच आहेत. आधी रॅक घ्यायचाय. दुकानदार म्हणाला, चांगल्या रॅकशिवाय सुरुवातच करू नका. पंचेचाळीस हजारांचा आहे. पैसे जमले की बघू."

प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही मिळून पंचेचाळीस हजारांचे नव्हते! आणि रेकॉर्ड्स? त्या टेरेसखालच्या फ्लॅटच्या माळ्यावर, एकीवर एक आडव्या रचलेल्या. दोन उन्हाळे तिथे काढले त्यांनी. रेकॉर्ड उभी ठेवायची असते, उष्णतेपासून लांब. नाहीतर ती वाकते आणि मग सुई होडीसारखी वरखाली डुलते. रॅकच्या नादात रेकॉर्ड्सच जायची वेळ आली. तेव्हापासून मी चिडलेलो आहे, म्हणून हे लिहितोय. ऑडिओवाल्या मित्रांनी रागावू नये. किंवा खुशाल रागवावं.

तर मुद्दा असा, की रॅकचं काम काय? वजन पेलणं, सपाट राहणं, हवा खेळू देणं आणि सुईला हादरे न बसू देणं. संपलं. आवाज 'खुलवणं' हे रॅकचं काम नाही. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हलणारा भागच नसतो, तो काचेवर ठेवा नाहीतर कडप्प्यावर. "साउंडस्टेज रुंदावतो" म्हणणाऱ्याला माझं जाहीर आव्हान आहे. अ‍ॅम्प्लिफायरवर चादर टाकू, मी मागे रॅक बदलत राहीन, तुम्ही ऐकून सांगायचं कुठला स्वस्त, कुठला महाग. दहापैकी नऊ वेळा बरोबर आलं तर मिसळ माझ्याकडून आणि हा लेख मागे.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरची गोष्ट जरा वेगळी, व्हॉल्व्ह हादऱ्याने थोडाफार घुमतो हे खरं. रेकॉर्ड प्लेअरची तर पूर्णच वेगळी. तिथे हादरा हा खराखुरा शत्रू आहे, आणि ते मी गिरगावच्या चाळीत शिकलो.

आमच्या चाळीची जमीन लाकडी, जिना लाकडी. अण्णांनी १९७०च्या दशकात एचएमव्हीचा फिएस्टा घेतला आणि टेबलावर ठेवला. जिन्यावरून कुणी पळत आलं की सुई उडायची. शेजारच्या काकू खलबत्त्यात काही कुटायला बसल्या की बुवांच्या तानेत भलत्याच जागा यायच्या! काकूंना सांगणार कोण? शेवटी अण्णांनी बाहेरच्या जाड भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकले आणि कुणाच्या तरी ओट्यातून उरलेला कडप्प्याचा तुकडा त्यावर टाकला. खाली फेल्टचा तुकडा. जमीन हलायची, भिंत हलायची नाही. काकू कुटत राहिल्या, बुवा गात राहिले.

आता गंमत बघा. इंग्लंडमधल्या जुन्या घरांची जमीनही बऱ्याचदा अशीच लाकडी, वाशांवर पेललेली. तिथल्या शौकिनांनी भिंतीवरच्या फळ्या आणि हलके, ताठ रॅक उचलून धरले ते त्यासाठी. उपाय त्यांच्या दुखण्यावरचा होता. आपण आता सिमेंटच्या स्लॅबवर राहतो. आपल्या घरात माणूस चालल्याने सुई उडत असेल, तर बहुतेक वेळा दोष डुगडुगणाऱ्या टेबलाचा असतो. पण औषध मात्र आपण जसंच्या तसं आयात केलं, तेही चौपट भावाने.

तीच गत त्या अणकुचीदार स्टीलच्या पायांची, म्हणजे स्पाइक्सची. "हादरे अडवतात" म्हणून विकतात. अहो, टोकदार पाय रॅकला जमिनीशी घट्ट जखडतो. गालिच्यातून खालच्या जमिनीवर पक्की पकड यावी म्हणून ते ठीक. हादरा अडवायला मऊ काहीतरी लागतं, दबणारं. प्लेअरखाली पाट आणि पाटाखाली सायकलची अर्धवट हवा भरलेली ट्यूब, हा जुना उपाय या स्पाइकपेक्षा शास्त्राला जास्त धरून आहे. आपल्या गुळगुळीत टाइल्सवर स्पाइक फक्त चरे पाडतो.

आणि इंटिरियरवाल्यांनाही सोडणार नाही मी. टीव्ही युनिटमध्ये अ‍ॅम्प्लिफायर कोंबायचा, वर दार लावायचं, दाराला सनमायका. 'वायर दिसायला नको.' एका मित्राचा अ‍ॅम्प्लिफायर असाच तीन वर्षांत गेला. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्म्यावर येतं. चार बोटं जागा वर सोडा, मागची बाजू उघडी ठेवा. फुकटात होतं. पण फुकटच्या गोष्टीचं बिल कसं करणार?

स्पीकर आणि प्लेअर एकाच फळीवर ठेवणारे तर धन्यच. स्पीकर फळी हलवतो, फळी सुई हलवते, सुई पुन्हा स्पीकर. आवाज वाढवला की घुमायला लागतं. मग रॅक बदला म्हणतात! अहो, स्पीकर खाली उतरवा.

फळीचं म्हणाल तर गणित सोपं आहे. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. सलग भरलेल्या फळीच्या आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, की बाक सोळापट. म्हणजे महागडं लाकूड नको, मध्ये एक उभी फळी हवी. कोकणात किंवा मुंबईच्या पावसात एमडीएफ फुगतं, तिथे चांगला प्लाय वापरा. हे कुठल्याही सुताराला माहीत असतं. तो फक्त त्याला 'ऑडिओफाइल' म्हणत नाही.

असो. दोन आठवड्यांपूर्वी मी पुण्याला गेलो. बाहेरची विटांची भिंत शोधली, दोन ब्रॅकेट, चार फास्टनर, मार्बलवाल्याकडून कडप्प्याचा तुकडा. सगळे मिळून नऊशे रुपये आणि भाच्याचा एक रविवार. लेव्हल बघायला त्याच्या मोबाइलमध्येच सोय होती. अ‍ॅम्प्लिफायर खाली साध्या स्टुलावर, चारी बाजूंनी मोकळा.

माळ्यावरून रेकॉर्ड्स काढल्या. अकरा वाकल्या होत्या. त्यातल्या दोन अण्णांच्या फार आवडीच्या. त्या आता कुठल्याही रॅकवर ठेवल्या तरी सरळ व्हायच्या नाहीत. भाचा काही बोलला नाही, मीही नाही. मग त्याने चांगल्यातली एक लावली, आणि अर्ध्या तासाने बाजू उलटायला स्वतःच उठला.

उरलेल्या रेकॉर्ड्सचं वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास भरेल. त्यांच्यासाठी कप्पे करायला पुढच्या रविवारी सुतार येतोय. त्याने माप घेतलं, भाव सांगितला. साउंडस्टेजबद्दल अजून काही विचारलेलं नाही.