छंदाचा तास : हत्तीचं नाणं कुणाच्या वावरातलं?

बालमित्रांनो, नाण्यांचं प्रदर्शन म्हणजे काचेच्या कपाटातल्या सोन्याच्या मोहरा, असं तुम्हाला वाटतं ना? मोहरा असतात, पण त्यांच्यापुढं नुसतं आ वासून उभं राहायचं! खरी मजा असते कोपऱ्यातल्या टोपलीत. नागपूरला असं प्रदर्शन भरलं की मी भंडाऱ्याहून सकाळची एस.टी. पकडतो. मागच्या खेपेला सोबत पाचवीतला एक विद्यार्थी आणि त्याचे बाबा होते.

टोपलीत हात घालून चाळता चाळता त्याच्या हाती आला भोकाचा पैसा. मधोमध हे एवढं मोठं भोक, जणू नळाचा वायसरच! १९४३ ते १९४७ या काळात हे पैसे पाडले गेले. दुसरं महायुद्ध चालू होतं, धातूची चणचण होती. भोक पाडलं की तेवढा धातू वाचायचा. तेव्हा असे ६४ पैसे मिळून एक रुपया व्हायचा, बरं का! शंभर पैशांचा रुपया आला तो १ एप्रिल १९५७ पासून. दहा-वीस रुपयांत एवढा इतिहास हाती येत असेल तर मोहरा हव्यात कशाला?

पुढच्या टेबलावर एक गृहस्थ रुमालातून एक नाणं काढून दाखवत होते. एका बाजूला रामदरबार, दुसरीकडं ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’. कुणीतरी त्यांना लाखाची किंमत सांगितली होती. टेबलावरच्या काकांनी नाणं हातातसुद्धा घेतलं नाही. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नव्हतं! याचाच भाऊ म्हणजे ‘तांदूळ ओढणारं नाणं’. आपला तांदळाचा जिल्हा, तेव्हा नीट ऐका. तांदूळ नाण्याकडं ओढले जात नाहीत. दाण्यांना लोखंडाचा कीस लावलेला असतो आणि नाण्याजवळ लोहचुंबक दडवलेलं असतं. या थापेला भुलून लोकांनी पैसे गमावले आहेत. मोठ्यांनीही हा परिच्छेद वाचावा.

मग आम्ही एका छोट्या ताटलीपाशी थांबलो. करंगळीच्या नखाएवढी काळपट नाणी. भिंगातून पाहिलं तर एका अंगाला सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या अंगाला फुलीनं जोडलेली चार वर्तुळं. सातवाहन राजांची, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची!

“कुठं मिळाली?” मी विचारलं.

“भंडाऱ्याकडची आहेत म्हणतात. हातोहात आली.”

“गाव कोणतं?”

काकांनी खांदे उडवले. विद्यार्थी माझ्याकडं पाहून म्हणाला, “गुरुजी, मग हे कुणाच्या वावरातलं?”

आजच्या रुपयावर टांकसाळीची खूण सालाखाली असते. चौकोनी हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, काहीच नसलं तर कोलकात्याचं. मातीतल्या नाण्यावर मात ‘मी इथं निघालो’ असं लिहिलेलं नसतं. ते ठाऊक असतं फक्त उचलणाऱ्याला. वैनगंगेकाठच्या आपल्या पवनीला १९६९-७० साली उत्खनन झालं, तेव्हा प्राचीन स्तूप सापडले. आसपासच्या एखाद्या वावरात असं नाणं निघालं, तर तिथंही वस्ती असेल, वाट असेल, बाजार असेल! पण ताटलीतल्या नाण्याला कोण विचारणार?

याउलट तऱ्हाळ्याची गोष्ट बघा. १९३९ साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांची सोळाशेच्या आसपास नाणी निघाली. ती विखुरली नाहीत. नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, आणि काय गंमत! कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं निघाली, जी पुराणांतल्या राजांच्या यादीत नाहीत. साऱ्या जगाला विसर पडलेले राजे विदर्भाच्या मातीतून परत आले.

हे ऐकून विद्यार्थ्याचे बाबा म्हणाले, “आमच्या वावरात पावसाळ्यात खापरं निघतात जी. उद्या नाणी निघाली तर? सरकार फुकट घेऊन जाईल ना?”

तसं नाही. १८७८ सालचा एक कायदा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची जुनी चीजवस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. सरकारला ती ठेवून घ्यायची झाली, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. वस्तू सोनाराकडं वितळवली की वरचा पाचवा हिस्सा नाही आणि राजाही गेला!

आणि हो, घासायचं नाही. आपण भंडाऱ्याची माणसं, पितळ चिंचेनं लख्ख करणारी. पण या नाण्यांवर मुळातच नाव अर्धंमुर्धं उमटलेलं असतं. चार-पाच नाणी शेजारी ठेवून, एकातलं एक अक्षर, दुसऱ्यातलं दुसरं, असं जुळवून राजाचं नाव पुरं करावं लागतं. तेव्हा फुटका तुकडा निघाला तरी कागदात बांधा, आणि त्याच कागदावर गाव, वावर आणि तारीख लिहा.