पोरांच्या पुस्तकातला शेतकरी



कोरडवाहू गावांत एक पीक पाऊस येवो न येवो, दरवर्षी वाढतेच आहे. ते म्हणजे स्पर्धा परीक्षेचे. मालेगाव तालुक्यात काटवनात जा की माळमाथ्यावर जा, ज्या घरात दोन-तीन एकर कापूस आणि खाण्यापुरती ज्वारी-बाजरी होते, त्या घरातला एक पोरगा पुण्याच्या अभ्यासिकेत बसलेला आढळतो. पहिल्या वेचणीचा पैसा खोलीच्या भाड्याला, दुसऱ्या वेचणीचा खानावळीला. फरदड ठेवू नका, बोंडअळीला ते आयते घर होते, असे आम्ही घसा फोडून सांगतो. घरची माणसे म्हणतात, क्लासची फी राहिली आहे.

पोरांनी परीक्षा देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. तहसीलदाराच्या खुर्चीत कोरडवाहू शेतकऱ्याचा पोरगा बसला तर आम्हाला आनंदच आहे. आमचे म्हणणे एवढेच, की तो जे पुस्तक पाठ करतो त्यात त्याचा बाप कुठे उभा केला आहे, हे एकदा घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावे.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात महागाई लवकरच भेटते. ती मोजायची ग्राहक किंमत निर्देशांकाने. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून जी मालिका कित्येक वर्षे चालली, तिच्यात खाण्यापिण्याच्या वस्तूंचा भार शंभरात ४५.८६ होता. म्हणजे डाळ, कांदा, धान्य हलले की महागाई हलणारच. शिवाय २०१६ पासून महागाई चार टक्क्यांच्या आसपास, फार तर दोन टक्के खाली-वर, ठेवायची जबाबदारी कायद्याने रिझर्व्ह बँकेवर आहे. आता विचारा, या निर्देशांकात युरियाची गोणी कुठे आहे? सरकीचे पाकीट कुठे आहे? फवारणीचे औषध? कुठेच नाही. तो ग्राहकाचा निर्देशांक आहे, आणि खत काही कोणी खात नाही. खत महागले तर पुस्तकाच्या लेखी महागाई झाली नाही. कांदा महागला की झाली.

८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली. 'देशांतर्गत पुरवठा वाढवून किंमत नियंत्रण' असे उत्तर लिहिले तर परीक्षेत गुण मिळतात. त्याच वेळी घरी लाल कांदा ट्रॅक्टरवर भरलेला होता, आणि लाल कांदा चाळीत टिकत नाही, हे कुठल्याही पर्यायात छापलेले नसते. शेतकरी जे विकतो आणि जे विकत घेतो त्यांच्या भावांची तुलना करणारा व्यापारशर्तींचा निर्देशांकही सरकार काढते. तो पोराला विचारून बघा. माहीत असला तर पोरगा हुशार समजा.

पुढचा धडा हमीभावाचा. कृषिमूल्य आयोग १९६५ साली स्थापन झाला, १९८५ साली त्याचे नाव कृषी खर्च व मूल्य आयोग झाले. हा झाला सनावळीचा प्रश्न. खरा प्रश्न हमीभाव कसा काढतात हा. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा उत्पादनखर्च क्विंटलला ५,१४० रुपये धरला आणि त्यावर निम्मे चढवून ७,७१० रुपये हमीभाव जाहीर केला. संकरित ज्वारीचा खर्च २,४६६ धरून ३,६९९ रुपये. खर्चाची ही व्याख्या ए-२ अधिक एफ-एल या नावाची: खिशातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांची मजुरी. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज तिच्यात नाही. ते सी-२ मध्ये येते. स्वामिनाथन आयोगाने २००६ मध्ये खर्चावर पन्नास टक्के म्हटले, ते कोणत्या खर्चावर, हा वाद तेव्हापासून चालू आहे. परीक्षेला येणाऱ्या पोराने तो वाद दोन्ही बाजूंनी मांडता आला पाहिजे.

पण कोरडवाहूचे खरे दुखणे पुढे आहे. हा खर्च साऱ्या देशाच्या सरासरीचा असतो. पाणी असलेल्या वावराचा उतारा आणि आमचा उतारा एकाच पाटीत. समजा, एकरी खर्च २४,००० रुपये आला. पाच क्विंटल कापूस झाला तर क्विंटलला ४,८०० पडले. हमीभाव बरा वाटतो. पावसाने ताण दिला आणि तीनच क्विंटल झाला तर क्विंटलला ८,००० पडले. जाहीर भाव पूर्ण मिळाला तरी घाटा. (वेचणी थोडी कमी लागेल, तेवढे वजा करा, नांगरट, बियाणे, निंदणी काही परत मिळत नाही.) आणि पूर्ण भाव मिळायचा तर कापसात ओल आठ टक्क्यांच्या आत हवी. बारा टक्क्यांपर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत. परतीच्या पावसात भिजलेली पहिली वेचणी दिवाळीच्या आत विकायची असेल तर खेडा खरेदीवाला दारात उभाच असतो.

भूगोलाचे पुस्तक आमच्याबद्दल दोन गोष्टी सांगते. बेसाल्ट खडकापासून झालेली काळी रेगूर जमीन कापसाला उत्तम. आणि सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश. दोन्ही खरे. पण गिरणा-मोसमच्या काठची दोन हात खोल काळी आणि माळमाथ्यावरची वीतभर मुरमाड, नकाशात एकाच रंगाची. पावसाने तीन आठवडे दडी मारली तर काठावरचा कापूस तग धरतो, माथ्यावर पाते गळून खाली पडते. तालुका एक, सर्कलसुद्धा एक असू शकते.

आणि याच जागी परीक्षेतला भूगोल सरकारी कागद होतो. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनुसार आधी पावसाची तूट किंवा सलग खंड बघतात, मग उपग्रहातून दिसणारा पिकांचा हिरवेपणा, जमिनीतली ओल, पेरणीचे क्षेत्र, आणि शेवटी निवडक दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात मालेगाव होते. त्यावर जमीन महसुलातली सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलातली सवलत आणि पोरांच्या परीक्षा फीची माफी अवलंबून असते. पाहणीला आलेला अधिकारी रस्त्याकडेचे हिरवे वावर बघून परत गेला, तर संहिता कितीही शास्त्रीय असो, उपयोग काय? हिरवे पान असलेला पण बोंड नसलेला कापूस ओळखायला पुस्तक पुरत नाही. आमचा पोरगा तो लांबून ओळखतो. खुर्चीत बसल्यावरही त्याने तो ओळखावा, एवढीच मागणी.

चालू घडामोडींसाठी तर मालेगावसारखी शाळा नाही. आमचा कापूस जिनिंगला जाऊन त्याच्या गाठी होतात, गाठी बाहेरगावच्या सूतगिरणीत जातात, आणि सूत पुन्हा बाहेरून मालेगावच्या यंत्रमागावर येते. इथे कोरे कापड विणून रंगाई-छपाईला पाली, बालोत्रा, अहमदाबादकडे रवाना. मूल्यवर्धन कोणत्या टप्प्यावर कोणाच्या खिशात जाते, हे शिकायला पुण्याला कशाला जायचे? मोसम पुलावर उभे राहून दिसते.

केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क काढले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के शुल्क लावले होते आणि कापड उद्योगाला स्वस्त कापूस हवा होता. म्हणजे नेमका आमच्या वेचणीचा काळ परदेशी कापसाला मोकळा. पेपरात प्रश्न येईल: कारण काय, कालावधी किती. आम्ही पोरांना आणखी एक प्रश्न घालू: याच तालुक्यात मागावरच्या मजुराला या निर्णयाने काय मिळाले, आणि वावरातल्या शेतकऱ्याचे काय गेले? मागावरचा मजूर आमचा वैरी नाही, तो आमची भाकरी आणि आमचा कांदा खातो. उद्योगाला मदत करायची तर सरकारने तिजोरीतून करावी, आमच्या गाठोड्यातून का?

आता जागांचा हिशोब. केंद्राच्या २०२३ च्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेला ५,९२,१४१ उमेदवार बसले, शेवटी निवडले गेले १,०१६. सुमारे ५८३ मागे एक. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात पोरे रस्त्यावर बसली, त्यांच्या मागण्यांत कृषी सेवेच्या २५८ जागा राज्यसेवेच्या त्याच परीक्षेत घ्या अशीही एक होती, आणि २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा पुढे ढकलावी लागली. आम्ही त्याच पदवीचे. कृषी पदवीधराला शेतीपेक्षा २५८ जागांची आशा मोठी वाटते, यात त्याला हसण्यासारखे काही नाही. पण वावर गहाण टाकून कोणाला पुण्याला पाठवू नका, आणि किती वर्षे बसायचे हे जाण्याआधी घरात ठरवा. ते ठरवताना आईलाही विचारा. वेचणी तिने केली आहे.

एक बदल मात्र आमच्या पोरांच्या सोयीचा झाला आहे. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. चार पर्यायांतल्या एकावर खूण करून चालत नाही, लिहावे लागते. मग लिहायला घरचा हिशोब का नको?

म्हणून आमची सूचना अशी. दिवाळीला पोरे गावी येतात, त्या आठवड्यात एक संध्याकाळ पारावर काढा. गेल्या तीन हंगामांच्या आडत्याच्या पट्ट्या, खताची बिले आणि वेचणीच्या मजुरीची वही आणा. पोरांनी त्यावरून गावाचा ए-२, एफ-एल आणि सी-२ काढावा. मुरमाड वावराचा वेगळा, काळीचा वेगळा. ज्या पोरांना या वर्षी यश आले नाही त्यांनाही मुद्दाम बोलवा, बाजार समितीच्या आणि ग्रामपंचायतीच्या कागदांत तीच उपयोगी पडणार आहेत. आलेले आकडे गावाच्या नावासह पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. पट्टी हरवली असेल तर अंदाजाने आकडा भरू नका, तो रकाना कोरा ठेवा.