पसंतीक्रम मुलांचा, सोबत आपली

दिवाळीला घर भरलेलं असतं. त्यात दहावी-बारावीचं मूल असलं की येणारा प्रत्येक पाहुणा त्याला हटकतो, ‘काय मग, पुढे काय?’ मूल ‘बघू’ म्हणतं आणि आतल्या खोलीत निघून जातं. खरं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर एकट्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने शोधावं अशी प्रवेशाची व्यवस्था आता राहिलेली नाही. त्यात नियम आहेत, मुदती आहेत, दाखले आहेत, फेऱ्या आहेत. यंदाच्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग आम्ही प्रवेशाच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ठेवला, तो याच कारणाने. आणि प्रवेशाच्या तयारीसाठी दिवाळीइतकी योग्य वेळ दुसरी नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, एप्रिल-मेमध्ये सीईटी, मेमध्ये नीट, जेईई मेनचं पहिलं सत्र तर जानेवारीतच. निकाल लागले की प्रवेशाचे अर्ज, आणि मग पावसाळाभर चालणाऱ्या कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या. या वेळापत्रकात श्वास घ्यायला जागा आहे ती आत्ता. जूनमध्ये ज्या गोष्टी घाईने होत नाहीत, त्या दिवाळीत सुरू केल्या तर वेळेत होतात.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. आरक्षणाच्या जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. बारावी विज्ञानच्या मुलामुलींचा अर्ज कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे जातो. तिथे जुने पुरावे लागतात : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे. म्हणजे आजोबा-पणजोबांपर्यंत जावं लागतं. गावच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा काढला की त्यात आजोबांचं नाव ‘दगडू’ निघतं, सातबाऱ्यावर ‘दगडोबा’ असतं आणि आडनावाचा रकाना रिकामा असतो. ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, हे सिद्ध करण्यात दोन-दोन महिने जातात. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधीच वैधता मिळालेली असेल, तर काम पुष्कळ सोपं होतं. ती कुणाकडे आहे, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कुणाच्या ट्रंकेत आहे, हे विचारायला सगळे चुलते एका पंगतीला बसलेले असतात ती वेळ उत्तम. शाळा आणि कचेऱ्या सुट्टीनंतर उघडल्या की पहिल्याच आठवड्यात अर्ज द्यावा.

अधिवासाचा दाखलाही असाच आधी काढून ठेवावा. उत्पन्नाच्या, नॉन-क्रिमीलेयरच्या आणि ईडब्ल्यूएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या) दाखल्याची मुदत मात्र तपासून घ्यावी, कारण ती ३१ मार्चला संपते. जुना दाखला फाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहिलेली घरं ऐन फेरीच्या तोंडावर तहसील कचेरीच्या रांगेत दिसतात.

दुसरी गोष्ट पैशांची. ‘मुलीला इंजिनीअरिंगला घातलं असतं, पण फी कुठून आणायची?’ हे वाक्य आजही अनेक घरांत ऐकू येतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. अट अशी, की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. मुलग्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत, आणि त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरायचे असतात. ज्या घरात ही माहिती पोचत नाही, त्या घरातली मुलगी फॉर्म भरण्याआधीच शर्यतीतून बाहेर पडलेली असते. यासारखं वाईट दुसरं काही नाही.

तिसरी गोष्ट समजुतीची. सीईटीत ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के मार्क नव्हेत. शंभरातली पाच मुलं आपल्या पुढे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेला तीन लाख मुलं बसली असतील, तर सुमारे पंधरा हजार मुलं पुढे झाली. हा हिशेब कळला की पेढे वाटताना मिळालेला आनंद कॅपच्या पहिल्या यादीत मावळत नाही. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. ते आपल्या प्रवर्गाचे, आपल्या शाखेचे आणि शक्यतो सगळ्या फेऱ्यांचे पाहावेत. ते पाहायला कुणालाही पैसे मोजावे लागत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. तालुक्याच्या गावात जुलैमध्ये कुठल्याही सायबर कॅफेत डोकावा. इंजिनीअरिंगच्या कॅपचे पर्याय भरण्याचा शेवटचा दिवस. वडील फाइल छातीशी धरून उभे, मुलगी खुर्चीच्या मागे, संगणकावर चालक. तो विचारतो, ‘पहिलं कुठलं टाकू?’ वडील मुलीकडे न पाहता म्हणतात, ‘जवळचं टाका. मिळेल असं टाका.’ चालक टाकतो, पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारतो, आणि मुलीने वहीत लिहून आणलेली यादी वहीतच राहते.

या दोन मिनिटांची किंमत फार मोठी आहे. जागावाटप गुणवत्ता क्रमाने होतं आणि यादी वरून खाली वाचली जाते. वरचं कॉलेज नाही मिळालं, तर खालच्या कॉलेजवरचा आपला हक्क तिळभरही कमी होत नाही. उलट ‘मिळेल’ म्हणून पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत मिळालं, तर जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे कायम, होते. पुढच्या फेरीत अधिक चांगलं कॉलेज मिळवण्याची, बेटरमेंटची, वाट बंद. पुढच्या फेऱ्यांत तर पहिल्या काही पसंतींनाही हाच नियम लागू होतो. अकरावीलाही असंच आहे. तिथली केंद्रीय ऑनलाइन पद्धत २०२५ पासून सगळ्या राज्याला लागू झाली. तीत दहापर्यंत कॉलेजं लिहिता येतात, आणि पहिल्या पसंतीचं मिळूनही घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्या हातच्या जातात. म्हणून यादी मनातल्या खऱ्या क्रमानेच लिहावी : सर्वांत वर जिथे जावंसं वाटतं ते, मध्ये जिथे मिळण्याची चांगली आशा आहे ते, शेवटी जिथे नक्की मिळेल ते. आणि जिथे मिळालं तरी जायचं नाही, ते लिहूच नये.

ही यादी घरी, कागदावर, मुलाच्या हाताने लिहिलेली असावी. पालकांनी त्या यादीवर जरूर बोलावं. प्रवासाचा वेळ, वसतिगृह, खर्च, त्या शाखेत पुढे काय, हे प्रश्न विचारणं पालकांचं कामच आहे. क्रम मात्र ज्याला चार वर्षं तिथे शिकायचं आहे त्याचा. आणखी एक : अर्जात मोबाइल नंबर घरचा द्यावा. चालकाचा नंबर दिला तर ओटीपी त्याच्याकडे जातो, फेरीचा संदेशही त्याच्याकडेच. लॉगिन आणि पासवर्ड आपल्या वहीत लिहिलेला असावा.

यादीच्याही आधीचा निर्णय शाखेचा. ‘सायन्स घ्या, सगळे रस्ते मोकळे राहतात’ हा सल्ला सरसकट देऊ नये. यंत्रांत रमणाऱ्या मुलाला दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग हा राजमार्ग आहे. आयटीआयमधून हाताला कसब मिळतं आणि पुढचं शिक्षणही बंद होत नाही. बारावीनंतर कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम कला शाखेच्या मुलीलाही खुला आहे. दुसरीकडे, नावाला ज्युनिअर कॉलेज आणि दिवसभर क्लास अशी दोन वर्षं लाखो रुपये भरून काढायची, तर मुलाला ते खरोखर हवं आहे का, हे आधी विचारावं. सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासला घेऊ नये, असं केंद्र सरकारने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे, ते उगाच नाही.

शिकणाऱ्या मुलाला समाजाने सोबत करणं महाराष्ट्राला नवं नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा शिकू पाहणाऱ्या मुलापुढचा पहिला अडसर राहण्या-जेवण्याचा होता. समाजाने धान्य दिलं, जागा दिली. आजचा पहिला अडसर माहितीचा आहे, आणि ती द्यायला धान्याची कोठारं लागत नाहीत. गावोगावी गणेश मंडळं आहेत, वाचनालयं आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. मुख्य म्हणजे मागच्याच वर्षी या साऱ्यातून गेलेली मुलंमुली आहेत. जून-जुलैमध्ये वाचनालयात एक टेबल, एक लॅपटॉप आणि संध्याकाळचे दोन तास एवढं जमलं, तरी तालुक्यातल्या कितीतरी मुलींच्या वहीतल्या याद्या फॉर्मपर्यंत पोचतील.

या अंकाच्या विशेष विभागात दाखल्यांचं महिनावार वेळापत्रक आहे, शिष्यवृत्त्यांची माहिती आहे, आणि नुकताच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले अनुभव आहेत. कथा, कविता आणि ललित लेखांची मेजवानी नेहमीप्रमाणे आहेच.

वाचकांकडे एक मागणं आहे. अंक वाचून झाला की तो कपाटात ठेवू नका. ओळखीतल्या ज्या घरात कॉलेजात जाणारं पहिलंच मूल आहे, त्या घरी तो घेऊन जा, आणि जूनमध्ये फॉर्म भरताना त्या मुलाशेजारी बसा.