पळणाऱ्याची झोळी

गेल्या वर्षी शारदीय नवरात्रात कलकत्त्यास, बेहाला येथे, थोरल्या बहिणीच्या घरी आठ दिवस राहण्याचा योग आला. डायमंड हार्बर रस्त्यावर आता माथ्यावरून मेट्रो धावते. परंतु रस्ता सोडून आत वळले की तीच जुनी तळी, तीच मिठाईची दुकाने आणि पूजेसाठी पावतीपुस्तके घेऊन दारोदार फिरणारी क्लबांतील मुले. एके सकाळी अशी मुले वर्गणी घेऊन गेली, आणि त्याच संध्याकाळी बहिणीच्या धाकट्या दिरांचा फ्लोरिडाहून फोन आला. तेही वर्गणीच मागत होते!

त्यांची मागणी मात्र निराळी होती. जानेवारीत ते डिस्ने वर्ल्ड या विख्यात करमणूक-उद्यानात भरणाऱ्या मॅरेथॉन शर्यतीत धावणार होते. रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनास साहाय्य करणाऱ्या एका संस्थेच्या वतीने धावावयाचे आणि आप्तेष्टांकडून ठरावीक रक्कम जमवून त्या संस्थेस द्यावयाची, असा संकल्प होता. धावताना अंगातील सदऱ्यावर आईचे नाव लिहावे, अशीही त्यांची इच्छा होती.

आई, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत. बेहालातील लोकांना हे दुखणे अपरिचित नाही. जवळच ठाकुरपुकुर येथे डॉ. सरोज गुप्ता यांनी १९७३ साली उभारलेले कर्करोग रुग्णालय आहे, आणि दूरच्या जिल्ह्यांतून आलेले रुग्ण व त्यांचे सोबती त्या रस्त्याच्या बसथांब्यांवर नित्य दिसतात. मावशी शांतपणे मुलाला म्हणाल्या, "आजारी मी इथे, पळणार तू तिथे, आणि पैसे देणार तिसरेच. यात पळण्याचे काय काम? द्यायचे ते सरळ द्यावे. आणि जत्रेत माझ्या नावाची पाटी कशाला?"

हा प्रश्न परतीच्या प्रवासात सारखा मनात घोळत राहिला. दुखणाइताच्या दुःखाचे खेळणे होऊ नये, एवढेच त्या माउलीचे म्हणणे होते. आणि ते थट्टेवारी नेण्याजोगे नव्हते.

प्रथम ही जत्रा कशी असते ते पाहू. १९९४ पासून दर जानेवारीत ही शर्यत भरते. अंतर नेहमीच्या मॅरेथॉनचेच, ४२ किलोमीटर १९५ मीटर. उजाडण्यापूर्वीच धावक निघतात, आणि वाट करमणूक-उद्यानांच्या आतून जाते. कोणी राजकन्येचा वेष करतो, कोणी मिकी उंदराशेजारी थांबून छायाचित्र काढवितो. नियम एवढाच की मैलामागे १६ मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. फार मागे पडणाऱ्यास गाडीत बसवून नेतात. म्हणजे वेगवान खेळाडूच हवा असे नाही. चार-पाच महिने नेमाने सराव करणारा कारकून किंवा शिक्षिकाही हे अंतर पार करू शकते.

अशा धावण्यातून मदत उभी करण्याची रीत अमेरिकेत रूढ झाली ती एका बापाच्या काळजीतून. ब्रूस क्लेलंड यांच्या लहानग्या मुलीस रक्ताचा कर्करोग झाला होता. १९८८ साली त्यांनी ३८ जणांचे पथक न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये उतरविले आणि संशोधनासाठी ३,२२,००० डॉलर जमविले. पुढे हीच पद्धत इतर शर्यतींत पसरली. या पैशाने काय साधते, असे कोणी विचारील. १९६० च्या सुमारास मुलांना होणाऱ्या तीव्र रक्तकर्करोगातून क्वचितच कोणी वाचत असे. आज त्याच्या सर्वांत आढळणाऱ्या प्रकारातून सधन देशांतील दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. हे यश वर्षानुवर्षे चाललेल्या संशोधनाचे आहे, आणि संशोधनास पैसा लागतो.

हे झाले परदेशचे. परंतु धावणे आणि रक्ताचा कर्करोग यांची गाठ आपल्याकडे त्याहून कितीतरी आधी एकाच गृहस्थाच्या आयुष्यात पडली होती. सर दोराबजी टाटा हे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना तेथील शर्यतींत शेतकऱ्यांची अनवाणी धावणारी मुले त्यांनी पाहिली आणि ते थक्क झाले. त्यांच्या पुढाकाराने व बऱ्याच अंशी त्यांच्याच खर्चाने १९२० साली एक छोटे पथक अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यात बंगालचे पूर्मा बॅनर्जी होते, तसेच बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. चौगुले ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत धावले आणि एकोणिसावे आले.

पुढे १९३१ साली दोराबजींच्या पत्नी मेहरबाई, ज्या स्वतः नामांकित टेनिसपटू होत्या, रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. दुसऱ्याच वर्षी पतीने त्यांच्या स्मरणार्थ याच रोगावरील संशोधनासाठी न्यास स्थापिला आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांनीही देह ठेवला. त्यांच्या न्यासाच्या द्रव्यातून १९४१ साली मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले.

परंतु दोराबजींपाशी संपत्ती होती. ज्याच्यापाशी ती नाही, त्याने काय करावे? त्याने मागावे. आणि मागणे हेच सर्वांत अवघड! आपल्या महर्षी कर्व्यांनी उतारवयातही खेड्यांतील शाळांसाठी पायपीट करून वर्गणी गोळा केली. देणाऱ्याचा हात सैल होई तो केवळ व्याख्यानाने नव्हे. मागणाऱ्याने आधी स्वतः झिजून दाखविले आहे, हे डोळ्यांना दिसत असे म्हणून. माझ्या मते मावशींच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. पळण्याने रोग बरा होत नाही. पळण्याने मागण्याचा अधिकार मिळतो. संकोची मनुष्य एरवी शंभर रुपयेही मागू शकत नाही. तोच पहाटेच्या काळोखात महिनोन्‌महिने घाम गाळला की उजळ माथ्याने झोळी पुढे करतो.

राहिली जत्रा. आनंद आणि करुणा यांचे वैर आहे असे मला वाटत नाही. बेहालातच बरिशा क्लबाने २०२० साली पूजेच्या मंडपात देवीला लेकरे घेऊन घराकडे निघालेल्या स्थलांतरित मजूर मातेचे रूप दिले होते. उत्सवच होता तो. पण पाहणाऱ्यांना त्यात रस्त्यावरची माउली दिसली.

तथापि झोळी धरणाऱ्यावर जबाबदारीही येते. शर्यतीची प्रवेश-फी आयोजकांकडे जाते, ती म्हणजे देणगी नव्हे. काही योजनांत धावकाचा प्रवासखर्च जमलेल्या रकमेतूनच भागविला जातो. म्हणून देणाऱ्याने नि:संकोच विचारावे: यातले दुखणाइतापर्यंत किती पोचणार? आणि धावू इच्छिणाऱ्याने आधी डॉक्टरांकडून प्रकृती तपासून घ्यावी. दुसऱ्याच्या आरोग्यासाठी आपले गमावणे हे पुण्य नव्हे.

हे सारे मी मावशींना पत्राने कळविले. त्यांनी मुलाला निरोप दिला: "पळ. पण नाव लिहू नकोस. नंतर हिशेब मात्र वाचून दाखव. आणि इथल्या बसथांब्यावरच्या माणसांसाठी कोण पळणार, तेही सांग."

जानेवारीत दीर धावले. सहा तासांहून अधिक वेळ लागला, पण गाडीत बसावे लागले नाही. त्या रात्री त्यांनी फोनवर जमेची एकेक रक्कम वाचून दाखविली. मावशींनी मध्येच थांबवून दोन रकमा पुन्हा वाचावयास लावल्या म्हणे!

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातच निघाले. कलकत्त्याच्या रेड रोडवर २०१४ पासून डिसेंबरात २५ किलोमीटरची मोठी शर्यत भरते, आणि तिच्यासोबत छोट्या अंतरांच्या शर्यतीही असतात. पंचेचाळिशीचे आमचे भावोजी सध्या पहाटे उठून बेहालाच्या गल्ल्यांतून धावतात. बहीण लिहिते की, पावतीपुस्तक मात्र मावशींनी स्वतःपाशी ठेवले आहे.