पुसतात, पुसत असत

आठवीची वही होती. विषय नेहमीचाच, 'माझे बाबा'. तिनं लिहिलं होतं, 'बाबा रोज सकाळी सायकल पुसतात. मला डबलसीट शाळेत सोडतात.' तिचे बाबा दिवाळीआधीच गेले होते, हे मला ठाऊक होतं. तरी मी लाल पेनानं 'पुसतात'भोवती गोल केला, वर 'पुसत असत' लिहिलं आणि शेरा दिला : चुकलेले शब्द पाच वेळा लिहून आणणे. तिनं आणले. पाच वेळा 'पुसत असत', पाच वेळा 'सोडत असत'. सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नाही.

वर्तमानकाळात तेवढ्या चार ओळी तिचे बाबा घरात होते. मी त्यांना बाहेर काढलं, आणि तेही तिच्याच हातानं, दहा वेळा.

तेव्हापासून पहिलं वाचन पेन बाजूला ठेवून करते. नुसत्या 'छान!'नंही भागत नाही. आजीच्या शेवटच्या रात्रीबद्दल लिहिणाऱ्या मुलाला 'छान' वाचून काय वाटेल? त्यापेक्षा मी त्याचंच एखादं वाक्य उचलते : 'चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली होती, असं लिहिलंस तिथं मला तुझी आजी दिसली.' ऱ्हस्व-दीर्घ त्यानंतर, समासात, पेन्सिलीनं. ते सुधारायचंच. दुःखाचं लिहिलंय म्हणून हात न लावणं म्हणजे त्या मुलाला लिहिणारा न मानणं. गुण मात्र दुःखाला देत नाही. दिले तर पुढच्या चाचणीत निम्मा वर्ग रडवायला बसतो आणि खरं लिहिणारा गप्प होतो. वर्गात वाचून दाखवायचं असेल, तर आधी एकट्याला गाठून विचारते.

कधी वहीत घरातल्या कुणाच्या वाईट स्पर्शाची गोष्ट येते. तिथं शेरा पुरत नाही. 2012च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून 'हे आपल्या दोघींतच राहील' असं वचन मी कुठल्याही मुलीला देत नाही. पुढे काय होईल ते तिला सांगते, आणि तिच्यासोबत राहते.

गेल्या आठवड्यात एकानं लिहिलं, 'आई भाकरी थापते, मी चुलीजवळ बसतो.' त्याच्या घरी आई नसते, एवढं मला माहीत होतं. मधल्या सुट्टीत विचारलं, "हे आत्ताचं का रे?"

"हो बाई. मामाच्या गावाला. सुट्टीत जातो मी."

वाक्याला मी हात लावला नाही. 'चुलीजवळ'मधला ऱ्हस्व-दीर्घही त्यानं बरोबर लिहिला होता.